बिल्लेवाले उत्तमराव

नवऱ्याचं नाव घ्यायला मी लाजत नाही. उत्तमराव सहादेव भिंगारदिवे. घ्या, घेतलं. उखाणा नाही न् काही नाही. एवढी वर्षं संसार केलाय त्या माणसाशी, नाव घ्यायचा हक्क कमावलाय मी.

सध्या आम्ही केडगावला असतो, आमच्या मुलाकडे, पंकजकडे. तिसरा मजला, खाली पुणे रोड, दिवसभर गाड्यांची घरघर. संध्याकाळी हे फिरायला निघाले की मला सोबत जावंच लागतं, कारण रस्त्यात गाय दिसली की ह्यांचं पाऊल अडलंच म्हणून समजा. मागून टेम्पोवाला हॉर्न मारतोय, मारू दे. हे गायीशेजारी वाकून आधी एक कान बघणार, मग दुसरा. "अहो चला ना, शिंग मारील एखादी," मी ओरडते. तर शांतपणे म्हणतात, "पिवळा आहे. सरकारी दिसतोय, विम्याचा नाही." सोसायटीतल्या बायका मला विचारतात, काका ढोरांचे डॉक्टर होते का हो? डॉक्टर कसले! विमा एजंट होते. जनावरांचे विमे उतरवायचे. श्रीरामपूरजवळच्या आमच्या बेलापुरात आणि आजूबाजूच्या मळ्यांत सगळे त्यांना बिल्लेवाले म्हणायचे.

बिल्ला म्हणजे विमा उतरवलेल्या जनावराच्या कानात मारतात तो नंबर. आधी पत्र्याचा असायचा, मग प्लास्टिकचा आला. जनावर मेलं की कंपनी पहिला प्रश्न विचारणार, कानात बिल्ला आहे का? असेल तर पुढचं बोलू. नसेल तर घरी जा. शेतकऱ्याची एकच गाय असो नाहीतर दहा असोत, कंपनीला चेहरा कळत नाही, बिल्ला कळतो.

काय दिवस होते ते! ह्यांची ती लुना, मागे कापडी पिशवी, पिशवीत बिल्ला मारायची पक्कड, स्पिरिटची बाटली, कापूस आणि फोटोचा कॅमेरा. डॉक्टरांनी जनावर तपासायचं, ह्यांनी बिल्ला मारायचा आणि मग मालकासोबत जनावराचा फोटो काढायचा. फोटोची तर गंमतच असायची. मी कधीमधी सोबत जायचे तेव्हा बघितलंय. विमा गायीचा, पण फोटो म्हटल्यावर घरातली बाई आत पळणार, लुगडं बदलणार, नथ घालणार, तोंडाला पावडर फासून गायीच्या पुढ्यात येऊन उभी राहणार. हे म्हणायचे, "वहिनी, जरा सरकून घ्या, गायीचं तोंड दिसू द्या." बाई दोन बोटं सरकणार आणि पुन्हा तिथंच. कंपनीच्या कपाटात आमच्या अख्ख्या गावाच्या नटलेल्या बायका जमा झाल्या असतील. मला ते आठवलं की अजून हसू फुटतं.

एक मात्र होतं. हे कुणाच्या घरी चहा घ्यायचे नाहीत. सुरुवातीच्या काळात दोन-तीन घरांत ह्यांच्यासाठी कोनाड्यातली वेगळी, कान तुटलेली कपबशी बाहेर आली होती. हे भांडले नाहीत. "मला चहा चालत नाही, पित्त होतं," म्हणाले आणि तेच चालू ठेवलं. घरी येऊन मात्र पातेलंभर प्यायचे. मी म्हणायचे, "बाहेर पित्त आणि घरात अमृत का?" माझा संताप व्हायचा. ह्यांचा होत नसे, की होत होता आणि दाखवत नव्हते, ते मला अजून कळलेलं नाही.

खरा वाद घरातच होता. आण्णांशी. आण्णा म्हणजे माझे सासरे, सहादेव भिंगारदिवे. उंच, काटकुळा माणूस, आवाज असा की पलीकडच्या आळीत कुत्री गप्प व्हायची. छप्पन्न साली बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली तेव्हा आण्णांना मिसरूडही फुटलं नव्हतं. पण त्याआधी आपल्या बापाला गावातली मेलेली ढोरं ओढताना त्यांनी बघितलं होतं. कुणाचा बैल मेला की हाळी यायची, आणि पोटात भाकर असो नसो, उठून जायचं. आमच्या वस्तीनं ते काम एका दिवसात सोडलं. गावानं मग काय केलं नाही? दुकानातलं मीठ बंद, पिठाची गिरणी बंद, मजुरी बंद. तरी सोडलं ते सोडलं. आण्णा ते सांगायला लागले की त्यांच्या गळ्याच्या शिरा फुगायच्या.

आणि त्याच माणसाच्या लेकानं धंदा कुठला धरावा? तर जनावर मेलं की हजर व्हायचा! कारण गाय मेली की मालक सगळ्यात आधी म्हणणार, "बिल्लेवाल्या उत्तमरावाला बोलवा." आण्णांच्या डोक्यात तिडीक गेली. "आमी सोडलं आन् तू धरलंस? मेल्याली ढोरं बघायलाच जातूस ना?" हे म्हणाले, "आण्णा, मी कागद करायला जातो." आण्णा महिनाभर बोलले नाहीत. शेवटी एका अटीवर तयार झाले. मेलेल्या जनावराला हात लावायचा नाही. कधीही नाही, कशासाठीही नाही. ह्यांनी शब्द दिला. तेव्हापासून मालकानं कान उचलून धरायचा आणि ह्यांनी जरा लांब उभं राहून नंबर वाचायचा, अशी रीत पडली. गावाला सवय झाली. पण ह्यांच्या कामाबद्दल चांगला शब्द आण्णांच्या तोंडून कधी निघाला नाही. कुणी विचारलं पोरगा काय करतो, तर म्हणायचे, "करतो काहीतरी."

सुरुवातीची वर्षं हे दुसऱ्या एका एजंटाच्या हाताखाली होते. स्वतःचं लायसन घ्यायची वेळ आली तेव्हा दिवस बदलले होते. खाजगी कंपन्या आल्या होत्या आणि सगळ्या विमा कंपन्यांवर लक्ष ठेवायला एक कचेरी बसली होती, भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरण. हे नाव आमचे हे एका दमात म्हणायचे, मी एकदाही म्हणू शकले नाही. त्यांचं हापिस हैदराबादला. त्यांचा नियम असा की शिकवणीला बसा, परीक्षा द्या, मगच एजंट व्हा. केस पिकायला लागलेला माझा नवरा नगरला जाऊन पोरासोरांत बाकावर बसला. पहाटे शेळीला पाला टाकताना मोठ्यानं पाठांतर चालायचं. एजंटानं काय करावं, एजंटानं काय करू नये. ग्राहकापासून काही लपवू नये. कंपनीपासूनही लपवू नये. क्लेमच्या वेळी ग्राहकाला मदत करावी. ऐकून ऐकून मलाही पाठ झालं. शेळीचं माहीत नाही.

मी विचारलं होतं, "पण त्या हैदराबादवाल्यांचं नेमकं काम काय?" हे म्हणाले, "कंपनी पैसे घेताना गोड बोलते. देतानाही नीट वागते का, हे कुणीतरी बघायला नको?" मी म्हटलं, "म्हणजे कंपनीची सासू." त्यांना ते पटलं नाही. पण मला पटलं, आणि मी तेच म्हणत आले.

आता गोजरबाईचं सांगते.

नदीकडच्या मळ्यात गोजरबाई राहायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, पोरी सासरी. शेजारच्या मळ्यात तिचा दीर भागवत, पण त्यांचं जेवढ्यास तेवढं. तिच्याकडे एक संकरित गाय होती. सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध घालायची, त्यावर बाईची चूल पेटायची. गाय म्हणजे तिचा दीर, जाऊ, नवरा, सगळं. दिवसभर तिच्याशीच बोलत बसायची. विमा अर्थात ह्यांनीच उतरवला होता. फोटोत गोजरबाई नटली नव्हती, ती गायीच्या गळ्यात हात टाकून उभी होती. गायीचं डावं शिंग कानामागून खाली वळलेलं, ते फोटोत स्वच्छ दिसत होतं.

चार वर्षांपूर्वीची दिवाळी. वसुबारस आली. गोजरबाईनं गाय धुतली, शिंगं रंगवली, पुरण शिजवलं, ताट घेऊन पूजेला उभी राहिली आणि तिला कानातला बिल्ला दिसला. तिच्या मनात काय आलं माहितीय? देवाच्या कानात नंबर कसा ठेवायचा? तिनं अडकित्ता आणला, बिल्ला कातरून काढला, धुतला, हळद-कुंकू लावलं आणि हळदीच्या डब्यात ठेवून दिला. दिवाळी झाली की उत्तमरावाला सांगू, पुन्हा मारून घेऊ. एवढं साधं तिचं गणित. असा घोटाळा आमच्याकडची बाईच करू जाणे!

भाऊबिजेला गाय कोवळा लसूणघास खाऊन फुगली. डॉक्टर येईस्तोवर आटोपलं.

हे गेले. गोजरबाई गायीच्या डोक्याशी बसलेली. भागवतनं कान उचलला, कानात नुसतं भोक. गोजरबाई उठून आत गेली आणि डब्यातून बिल्ला घेऊन आली. पिवळाधमक झालेला. भागवत हुशार गडी. म्हणाला, "उत्तमराव, पक्कड हाय ना पिशवीत? ठोका की मग. भोक हायेच. कुनाला कळतंय?"

हे म्हणाले, "नाही."

"तुमाला हात लावायचा नसंल तर पक्कड माज्याकडं द्या. मी ठोकतो."

ह्यांनी पक्कड दिली नाही. कागदावर लिहिलं, बिल्ला कानात नाही, मालकिणीनं वसुबारसेला काढला, घरात आहे. खाली गोजरबाईचा अंगठा घेतला आणि घरी आले. भागवतनं जेसीबी बोलावून बांधाच्या कडेला खड्डा केला आणि मीठ टाकून गाय पुरली.

घरी आल्यावर मी काय बोलले ते ऐकण्यासारखं नाही. "अहो, त्या बाईचं जगणं गेलं तुमच्या खरेपणात! विमा खरा, गाय खरी, मेलेली खरी, बिल्ला खरा. एका भोकातून पुन्हा घालायचा तर तुमचं काय जाणार होतं?" मी आजही तेच म्हणते, कुणी काही म्हणो. हे एवढंच म्हणाले, "आज खऱ्या गायीला खोटा ठोकला, तर उद्या खोट्या गायीला ठोकायला माणसं माझ्याच दारात येतील. मग कुणाला नाही म्हणू?" आण्णा बाजेवर पडले होते. त्यांनी सगळं ऐकलं. कूस बदलली.

व्हायचं तेच झालं. कंपनीनं कळवलं, बिल्ला नाही, क्लेम नाही. गावात बोलणं सुरू झालं. बिल्लेवाल्याला आता मोठेपणा आलाय, विधवेचा तळतळाट घेतला, हप्ते घेताना बरा येत होता. डेअरीवर मी रांगेत उभी राहिले की बायका गप्प व्हायच्या. गोजरबाई मात्र एक शब्द वाकडा बोलली नाही, आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला. रोज दुपारी आमच्या ओट्यावर येऊन बसायची. दूध घालायच्या वेळेला तिला घरात बसवेना, रिकाम्या दावणीकडे बघवेना. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

ह्यांनी आधी तिच्या नावानं कंपनीच्याच तक्रार अधिकाऱ्याकडे अर्ज केला. तिकडून तेच उत्तर आलं. मग एक दिवस हे गोजरबाईला म्हणाले, "आता प्राधिकरणाला फोन करायचा. फुकट असतो, मराठीत बोलता येतं. पण बोलायचं तुम्ही."

फोन लावून मध्ये पाटावर ठेवला. पलीकडून एक मुलगा बोलायला लागला, मराठी जरा अडखळत, पण आदबीनं.

"हॅलो, कोन, हैद्राबाद का?" गोजरबाई जोरात ओरडली, जणू हैदराबादपर्यंत तिच्याच आवाजानं जायचं होतं. "मी गोजरबाई. बेलापूरची. नदीकडच्या मळ्यातली."

"मावशी, तुमची तक्रार काय आहे?"

"तक्रार न्हाई वो बाबा, गाय मेली."

मी ह्यांना ढोसलं, "सांगा ना तिला काय बोलायचं ते!" हे मान हलवून नको म्हणाले. "तिचं आहे, तिलाच सांगू दे."

"टॅग कुठे होता मावशी?"

"हळदीच्या डब्यात."

मग तो म्हणाला, "डब्यात का?"

"वसुबारस हुती. देवाच्या कानात नंबर कसा ठिवायचा? तुमच्याकडं न्हाई का करत वसुबारस?" आणि मग आपणहून म्हणाली, "मीच काढला. उत्तमरावाचा काय दोष न्हाई. लोकं म्हनत हुती ठोका, पर त्यानं खोटं केलं न्हाई. मला तवा राग आला हुता, आता न्हाई."

हे माझ्याकडे न बघता उठून आत पाणी प्यायला गेले.

त्या पोरानं सगळं लिहून घेतलं. म्हणाला, "मावशी, निकाल आम्ही देत नाही. पण कंपनीला तुमच्या तक्रारीचं उत्तर द्यावं लागतं, ठरलेल्या मुदतीत आणि कारण सांगून. त्यांनी काय उत्तर दिलं ते आम्ही बघतो. तरी पटलं नाही, तर पुण्याला विमा लोकपालांकडे जाता येतं." फोन ठेवल्यावर गोजरबाई म्हणाली, "मानूस बरा हाय. ऐकून घेतलं त्यानं." दिवाळीपासून पहिल्यांदा तिनं आमच्याकडे पोटभर भाकरी खाल्ली.

आठवडा गेला नाही तोच श्रीरामपूरच्या शाखेतून ह्यांना बोलावणं. तिथले साहेब टेबलावर हात आपटून म्हणाले, "कमिशन आमचं खाता आणि तक्रार आमचीच वर पाठवता? एजन्सी ठेवायचीय का घालवायचीय?" हे म्हणाले, "साहेब, तक्रार बाईंनी केली, नंबर मी दिला. क्लेमच्या वेळी ग्राहकाला मदत करायची, हा प्रश्न परीक्षेत होता. मी बरोबर उत्तर लिहून पास झालोय." घरी येऊन हे मला सांगितलं आणि मी कपाळाला हात लावला. पंकजच्या लग्नाचं बघत होतो आम्ही त्या वेळी. एजन्सी गेली तर खायचं काय? "तुमचं ते बरोबर उत्तर शिजवून वाढू का रात्री?" असं मी म्हटलं. तरी खरं सांगते, त्या दिवशी मला नवऱ्याचा गर्व वाटला. तोंडावर बोलले नाही एवढंच.

पण वरून विचारणा झाली की कंपनी हलते, हे मी डोळ्यांनी बघितलं. शिमग्याच्या आधी पुण्याहून चौकशीला अधिकारी आले. सुहास नावाचे, पंकजपेक्षा थोडे मोठे असतील. माणूस सरळ होता. त्यांनी गोजरबाईला सगळं विचारलं, बिल्ला बघितला, विम्याच्या वेळचा फोटो फायलीतून बाहेर काढला आणि म्हणाले, "बिल्ला कानात नसला तरी हीच ती गाय हे पटलं, तर मी क्लेम द्यावा असं लिहीन. ह्या फोटोतल्यासारखं वळलेलं शिंग पुरलेल्या जनावराला आहे का, एवढंच मला बघायचंय. उकरावं लागेल. जेसीबी नको, शिंग मोडेल. हातानं. आणि आजच, मला पुन्हा येता येणार नाही."

बांधावर सुहाससाहेबांना खुर्ची टाकली होती. भागवत होता, आजूबाजूच्या मळ्यांतले चार गडी होते, बाया होत्या. मी गोजरबाईच्या सोबतीला गेले होते. फावडी, कुदळ सगळं पडलेलं होतं. उकरायचं म्हटल्यावर कुणी पुढे होईना. कुणी जमिनीकडे बघतंय, कुणी उसाकडे. आणि मग, काय सांगू, हळूहळू सगळ्यांचे डोळे एकाच माणसाकडे वळले. कुणी ठरवलं नव्हतं हो. ते आपोआप वळले. ह्यांच्याकडे.

भागवत म्हणाला, "उत्तमराव, तुमच्या वस्तीवरनं दोन गडी बोलवा की. मजुरी देऊ आमी."

ह्यांनी गोजरबाईकडे बघितलं, साहेबांकडे बघितलं. उकरलं नाही तर गोजरबाईच्या गायीचे पैसे कायमचे गेले, आणि वर तक्रार करून काही निघालं नाही म्हटल्यावर ह्यांची एजन्सीही गेली. आणि माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी शर्टाच्या बाहीचं बटण काढलं. बाही दुमडायला लागले. बिल्ला ठोका म्हणून भांडणारी मी, पण त्या क्षणी वाटलं, क्लेम जाऊ दे, एजन्सी जाऊ दे, उद्या मी लोकांची धुणी धुवीन, पण हा माणूस त्या खड्ड्यात उतरता कामा नये. मी ओरडणार, तोच मागून हाक आली.

"उत्तम! बाही सोड!"

मागे बघितलं तर आण्णा. काठी टेकत, धापा टाकत, बांधावरून येत होते. ऐंशी ओलांडलेला माणूस, वस्तीपासून चालत आला होता. उकरणार आहेत हे त्यांना कुणीतरी पारावर सांगितलं असणार.

ह्यांनी बाही सोडली.

आण्णा भागवतपुढे जाऊन उभे राहिले. "भागवता, तुज्या बापाची बैलं माज्या बापानं वढली. तुज्या आज्याची त्याच्या बापानं. तवा मजुरी कुनी दिली न्हाई. आता ही गाय कुनाची हाय? तुज्या भावजयीची. मग माज्या पोराकडं काय बघतूस? फावडं तुज्या पायापाशी पडलंय."

सुहाससाहेब खुर्चीतून अर्धवट उठले आणि काय करावं ते न कळून तसेच राहिले. तेवढ्यात गोजरबाईनं पदर खोचला. "कुनीच नगा करू. माजी गाय हाय, मी उकरते," म्हणाली आणि फावडं उचलून माती ओढायला लागली. हाताला घट्टे पडलेली बाई, पण वय झालेलं. दोन-चार फावड्यांतच धापा टाकायला लागली. तरी थांबेना. माती ओढताना गायीला नावानं हाका मारत होती, रडत होती.

भागवतच्या बायकोला ते बघवलं नाही. "अवो, बघत काय ऱ्हायला?" म्हणून तिनं नवऱ्याला असं काही झाडलं की विचारू नका. भागवतनं खाली मान घालून वहिनीच्या हातातून फावडं घेतलं. मग दुसऱ्यानं कुदळ उचलली. मग तिसरा उतरला.

हे पिशवी घेऊन बाजूला उभे होते. आण्णांनी त्यांच्याकडे बघितलं, मग साहेबांच्या खुर्चीकडे बघितलं आणि भागवतच्या बायकोला म्हणाले, "पोरी, पुन्याचा साहेब बसलाय आन् आमचा साहेब हुबा हाय. लिहायचं काम हाय त्याला. अजून एक खुर्ची आन."

आमचा साहेब. मी आण्णांच्या तोंडून ते पहिल्यांदा ऐकलं, आणि पदर तोंडात कोंबून रडले. लाज वाटली नाही मला.

क्लेम मंजूर झाला. गोजरबाईच्या दावणीला पुन्हा गाय आली, एजन्सीही ह्यांनी आपणहून सोडेपर्यंत टिकली. पुढच्या उन्हाळ्यात आण्णा गेले. हे सगळं नंतरचं. केडगावच्या ह्या गॅलरीत बसून मी डोळे मिटते तेव्हा मला दिसते ती बांधावरची दुपार. भागवतच्या बायकोनं घरातनं खुर्ची आणली, पदरानं पुसून ठेवली. हे बसले. मांडीवर कागद घेतला, पेनचं टोपण काढलं. भागवत मातीनं माखलेला खड्ड्यातून वर आला. त्यानं गायीचं शिंगासकट निघालेलं डोकं पाण्यानं धुतलं आणि दोन्ही हातांत धरून ह्यांच्यापुढे उभा राहिला. ह्यांनी चष्मा नीट केला, फोटो बघितला.

"भागवतराव," म्हणाले, "जरा उजेडाकडं वळवा."

आणि भागवतनं ते वळवलं.